विटेतली बोटं

अमेरिकेतल्या चार्ल्स्टन शहरात, चर्चच्या जुन्या विटांच्या भिंतीपाशी व्हर्डेल एकतीस वर्षं पाहुण्यांना एकच गोष्ट सांगत आली होती. "गुलाम पोरांनी या विटा ओल्या असतानाच उचलल्या. ही त्यांची बोटं उमटलीत. लावून बघा, घाबरू नका."

आज कुणीच आलं नाही. नवरा गेल्यापासून घरीही कुणी येत नसे.

फक्त चर्चचा म्हातारा राखणदार एझ्रा आला. प्रदर्शनात मांडायची प्लास्टरची तीन बोटं त्याच्या हातात होती. पहिल्याच वर्षी व्हर्डेलनं भिंतीतल्या एका विटेवरच्या बोटांच्या खळग्यांत प्लास्टर भरून ती काढली होती.

"व्हर्डेलबाई, ही या विटेची नव्हेत. घालून बघितली, आत खुळखुळतायत."

"डोळे तपासून घे, एझ्रा."

"तुम्हीच बघा की! आणि वेळेवर जेवत जा जरा." बोटं तिच्या हाती देऊन तो गेला.

तिनं ती खळग्यांत घातली. खरंच खुळखुळली. वीट झिजली म्हणावं, तर कडा कालच्यासारख्या धारदार होत्या.

इतकी वर्षं तिची करंगळीसुद्धा त्यात शिरत नसे. प्लास्टरची बोटं काढून तिनं स्वतःची घातली, तर आज तिन्ही मुळापर्यंत गेली.

आत माती ओली होती.

तिनं हात काढायला घेतला. तेवढ्यात आतून कुणीतरी तिच्या बोटांवर आपली बोटं एकेक करून ठेवली, अगदी हळू, पाहुणे लावून बघतात तशी.