सयाजीची कात

सयाजी उताणा पडला होता. आठही पाय वर वळलेले, हालचाल काही नाही. काचेच्या पेटीसमोर उभ्या कुशाबाईने कपाळावर हात मारून घेतला. "मेलं एकदाचं," ती म्हणाली खरी, पण आवाज तिला हवा तसा निघाला नाही.

सयाजी म्हणजे तिच्या शेंडेफळाने, आदेशने पाळलेला तळहाताएवढा केसाळ विलायती कोळी. टॅरंटुला म्हणतात तो. आदेशला पुण्यात नोकरी लागली. खोलीमालक असलं जनावर ठेवू देईना, म्हणून ही ब्याद वारूळवाडीत आईच्या गळ्यात पडली. "नर हाय, आई. नरं लई जगत न्हाईत. वर्ष-दोन वर्षं कळ काढ," असं सांगून पोरगा मोकळा झाला.

कुशाबाई कळ काढत होती आणि दिवसभर सयाजीच्या नावाने खडे फोडत होती. लोकांच्या घरी पोपट असतो, मांजर असतं. हिच्या नशिबी हे ध्यान! त्याला जिवंत नाकतोडे लागत. औषध मारलेल्या टोमॅटोतले चालत नसत, म्हणून नवऱ्याशी भांडून तिने गुरांच्या घासाचा एक वाफा फवारणीतून वगळला होता. आणि हा महाराज महिनाभर नाकतोड्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. पोट टम्म झालेलं. त्यावरचे केस झडून टक्कल पडलेलं, ते टक्कलही हळूहळू काळं ठिक्कर पडलेलं. "खात न्हाईस, पीत न्हाईस, नुसता फुगतोस मेल्या," ती रोज त्याला झापायची. आणि आता हे.

नवरा भिमाजी सूप घेऊन आला. "आण हिकडं. उकिरड्यावर टाकून येतो."

"हात लावाल तर बघा!" कुशाबाई खेकसली आणि तिने आदेशला फोन लावला.

"आई, त्यो मेला न्हाई, कात टाकतोय," आदेश म्हणाला. "त्याच्या आधी असंच व्हतं त्यांचं. खाणं सुटतं, टक्कल काळं पडतं. त्याला सुलटा करू नका, शिवूबी नका. न्हाईतर खरंच मरंल."

झालं. कुशाबाई पेटीसमोर पाट टाकून बसली. चूल पेटली नाही. भिमाजी भुकेने करवादला, तर तिने त्याच्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. दुपार कलली तेव्हा जुनी कातडी उकलली आणि ओल्या झबल्यातून बाळाचा हात सोडवावा तसा सयाजीने एकेक पाय सोडवून घेतला. "लई छळतं हे जनावर," म्हणत तिने पदराने डोळे पुसले.

रविवारी आदेश आला. कातीच्या आतल्या बाजूने नर-मादी ओळखू येतं म्हणे. त्याने कात पाण्यात मऊ केली, पसरली, भिंगातून बघितली आणि ओशाळून हसला.

"आई, चुकलंच माझं. सयाजी न्हाई हा, बाई हाय. आन् मादी लई जगती. आजून वीस वर्षं तरी कुठं जात न्हाई ही."

भिमाजी चार पावलं मागे सरला. आता बायको पोराला पेटीसकट अंगणात भिरकावणार, याची त्याला खात्रीच होती.

पासष्टी ओलांडलेली कुशाबाई पेटीकडे बघत राहिली. मग पोरावर कडाडली, "वीस वर्षं? आरं गाढवा, मग माझ्या माघारी हिला नाकतोडं कोण धरून घालील?"