मोठ्या बाईंचा हुकूम
“तपासणीचे साहेब येतायत. भिंतीवरची चित्रं काढा पटापट!” बालवाडीच्या मोठ्या बाई दारातूनच कडाडल्या. त्यांना भिंती पांढऱ्याशुभ्रच लागतात. मी चरफडत स्टूल आणायला गेले. परत येऊन बघते तो काय, अख्खा वर्ग रंगीत खडू घेऊन भिंतीला भिडलेला! “मोठ्या बाईंनीच सांगितलं, भिंतीवर चित्रं काढा!” एरवी कागदाला हात न लावणारी चिमी हत्तीला पाचवा पाय काढत होती. मी गुपचूप स्टूलच तिच्या पायाखाली सरकवलं. तेवढ्यात साहेब आत आले. मोठ्या बाईंचा चेहरा भिंतीहून पांढरा पडला. साहेबांनी भिंत डोळे भरून पाहिली. “यातलं एकही चित्र काढायचं नाही!” खडू थबकले. चिमीचा ओठ थरथरला, “पण शेपटी राहिलीय...” साहेबांनी जीभ चावली. “पुसायचं नाही म्हणतोय, बाळा! तू काढ बघू शेपटी. आणि एक खडू मलाही दे.”