पोस्टकार्डातला माणूस

या, असे जवळ सरका. आमच्या आयर्लंडातल्या गॉलवेकडची गोष्ट सांगते, ऐकून जीव हरखेल.

रविवारच्या बाजारातून डेलिया धापा टाकत घरी आली आणि तिने धाकट्या भावापुढे एक जुनं फोटोचं पोस्टकार्ड आपटलं. "मॅलकी, बघ!"

"आपला पडका मठच की! खिडकीतून फुकट दिसतो, आणि ताई, तू विकत घेऊन आलीस?"

"भिंती काय बघतोस, गाढवा! कोपऱ्यातला माणूस बघ."

मॅलकीने चष्मा पुसला. "अगं, हे तर बाबा! आणि टोपी हातात?"

चर्चबाहेर बाबांनी टोपी काढलेली कुणी पाहिली नव्हती.

"तेच तर! पायाशी बघ, पांढरे गोटे मांडलेत!"

डेलियाच्या पाठचा भाऊ तान्हा असतानाच, बाप्तिस्म्याआधी गेला होता. तशा बाळांना चर्चच्या दफनभूमीत जागा नसे, म्हणून बाबांनी त्याला एकट्यानेच नेऊन मठात पुरलं. कुठे, ते आईलाही कधी सांगितलं नाही. ती बिचारी विचारत विचारतच गेली.

दोघंही सत्तरी ओलांडलेली, पण शाळा सुटल्यासारखी मठाकडे धावली. कार्ड भिंतीशी ताडून जागा धरली, रान उपसलं.

"सापडला! मॅलकी, सापडला रे!"

गवताखाली पांढरे गोटे होते, गोल मांडलेले. मॅलकी गुडघ्यांवर बसला.

"दादा," तो म्हणाला, "मी मॅलकी. तुझ्यानंतरचा."

बाळाचं नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं. आज प्रार्थनेला बसाल तेव्हा त्याचीही आठवण काढा. नुसतं 'मॅलकीचा दादा' म्हटलंत तरी देवाला कळेल.