हिल्डेची टपरी

बोखुम शहरात स्वतःच उभ्या केलेल्या रॉक बँडमधून डेटलेफने चाळीस वर्षांत कितीजणांना घालवलं, ते त्यालाही आठवत नसे. रीत मात्र एकच. सराव संपला की त्या गड्याला कोपऱ्यावरच्या हिल्डेच्या टपरीवर न्यायचं, सॉसेज खायला घालायचं आणि शेवटच्या घासाला सांगायचं, "गड्या, तुझं-आमचं इथवरच." भरल्या पोटी माणूस भांडत नाही, असं तो म्हणे.

आज सरावात त्याचीच बोटं गिटारवर पुन्हापुन्हा अडखळली. तो गिटार पेटीत ठेवत होता, तेवढ्यात नातवाच्या वयाचा ड्रमर यानिक जवळ आला. नजर जमिनीवर.



"भूक लागली असेल ना, काका? चला, हिल्डेकडे जाऊ. आज सॉसेज माझ्याकडून."