शनिवारची शाई

सासूबाईंच्या गादीखालून निघालेला कागद सुनेने खिडकीच्या उजेडात धरला. काळ्या शाईच्या दोन जाड रेघा, वर टेकलेल्या, खाली फाकलेल्या. कागदभर तेच.

"कसली तरी खूण आहे ही," ती नवऱ्याला म्हणाली. "पाच शनिवार झाले, आई मैत्रिणीकडे म्हणून जातात. येतात तेव्हा बोटं काळी. विचारलं तर म्हणे, तवा घासला!"

"आईचं वय काय, तू बोलतेस काय!" नवरा हसला आणि आंघोळीला गेला.

सून छापखान्यात मुद्रितं तपासायची. चूक शोधणं हा तिचा धंदाच. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे. सासूबाईंशी तिचं नऊ वर्षं छान जमलं होतं. संध्याकाळी त्या तिच्याकडून पेपर वाचून घ्यायच्या. "तुझ्या तोंडून ऐकलं की वाईट बातमीसुद्धा बरी वाटते," म्हणायच्या. अशी बाई आताच लपवाछपवी का करायला लागली?

सहाव्या शनिवारी ती मागोमाग निघाली.

मैत्रिणीची गल्ली मागे टाकून सासूबाई सरळ वस्तुसंग्रहालयात शिरल्या. दारात फलक होता : 'चीन : इतिहास, कला, समाज. सर्वांना मुक्त प्रवेश.' खाली व्याख्यानं, चित्रपट, वर्ग. खोल्यांच्या क्रमांकांवर खाडाखोड. सासूबाई फलकापुढे जराशा घुटमळल्या. मग पहारेकऱ्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. त्याने ओळखीचं हसून जिन्याकडे बोट दाखवलं.

म्हणजे हाही सामील!

वरच्या खोलीच्या दाराला काच होती. आत दहा-बारा माणसं कुंचले घेऊन बसलेली. पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ सासूबाईंच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांचा हात हातात घेऊन कागदावर फिरवू लागले. सासूबाई खळखळून हसल्या. घरी त्या अशा कधीच हसल्या नव्हत्या.



वर्ग सुटताच ती आत घुसली. गादीखालचा कागद तिने गृहस्थांपुढे टाकला. "हे काय लिहून घेता तुम्ही यांच्याकडून?"

सासूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

"'माणूस'," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "मी चिनी सुलेखन शिकवतो. सुरुवात याच अक्षराने करतो. तुमच्या आईंइतकी मेहनत दुसरं कुणी घेत नाही हो. एकही शनिवार चुकवला नाही त्यांनी."

सुनेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माफी मागून ती सासूबाईंना खाली घेऊन आली. 

"आई, माझं चुकलंच. पण यात लपवण्यासारखं काय होतं? आणि शिकायची एवढी हौस, तर चिनीच का? मी एवढी मराठी पुस्तकं आणते, ती तर तुम्ही उघडूनही बघत नाही."

सासूबाईंनी बोटांवरची शाई पदराला पुसली.

"पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, यातलं एक तरी अक्षर कुणाला वाचता येतं का?"

"मग?"

"कुणालाच येत नव्हतं. वर्गात एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांनासुद्धा नाही." सासूबाईंनी तिच्याकडे न बघता तिचा हात धरला. "जन्मात शाळेत न गेलेली मी एकटीच आहे, हे तिथं कुणाला कळलंच नाही गं."