हलकं धनुष्य

खेळाच्या सामानाच्या दुकानात दत्ताराम गुरवने टोकांना चाकं लावलेलं मोठं कंपाउंड धनुष्य तीनदा ओढून पाहिलं, पण दोरी हनुवटीपर्यंत आलीच नाही. मग दुकानदार मृणालने त्याला दुसरं दिलं. ते हलकं होतं आणि निम्म्या किमतीचं. ते मात्र सहज ओढलं गेलं.

"हेच द्या," तो म्हणाला. "यानं रानडुक्कर मरेल ना?"

"शिकारीला बंदी आहे, काका. हे स्पर्धेसाठी असतं."

"माझ्या बायकोची मांडी फाडली त्यानं. महिनाभर इस्पितळात पडून आहे ती."

मृणालचा आवाज खाली आला. "तरी नका नेऊ. याला तेवढा जोर नाही. डुक्कर मरणार नाही, नुसतं जखमी होईल. आणि जखमी डुक्कर दिसेल त्याच्या अंगावर जातं."

दत्तारामने धनुष्य काउंटरवर ठेवलं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "तिच्यावर आलं ते जखमीच होतं. आदल्या दिवशी मीच त्याला भाला मारला होता. अजून कुणाला बोललो नाही. आणि ते आमच्याच वाडीच्या आसपास लंगडत फिरतंय."

मृणालने वनखात्याचा नंबर कागदावर लिहून दिला. "ते विचारतील, जखम कशी झाली म्हणून."

"सांगेन. पण आधी तिला सांगू दे."

त्याने मोबाइल लावला. पलीकडून बायकोने विचारलं, "जेवलात काय?"

दत्ताराम दुकानाच्या पायरीवर बसला. "नाही," तो म्हणाला, "तू आधी माझं ऐक."