जोडीतलं फिकट घड्याळ

"यावर तुमचा विश्वास बसणार नाही, मॅडम. माझ्या बायकोचा अजून बसलेला नाही," रोशेल मुल्लोकांदोव म्हणाला आणि मखमलीच्या ट्रेवर त्याने ते घड्याळ अलगद ठेवलं.

"बायकोचं सोडा, पोलिसांचाही बसला नव्हता," शेजारच्या काउंटरवर सोन्याच्या साखळ्या विकणारी मफ्रत म्हणाली. ती त्याला 'अका', म्हणजे दादा, म्हणायची. "होऊन जाऊ दे, रोशेल-अका! मागच्या खेपेला चोर सहा फुटांचा होता. आता किती वाढलाय बघू."

"तू तुझा चहा पी."

मिसेस व्हिटलॉक हसल्या. पांढऱ्या केसांची, मऊ आवाजाची बाई. थोरल्या नातवाला त्यांनी मागे असंच एक जुनं घड्याळ दिलं होतं, आता धाकटा रुसून बसला होता. म्हणून भर थंडीत न्यूयॉर्कच्या सत्तेचाळिसाव्या, जवाहिऱ्यांच्या रस्त्यावर एकेक दुकान बघत त्या इथवर आल्या होत्या.

"डबा नाही, कागद नाहीत," त्या म्हणाल्या. "मग हे खरं कशावरून?"

"कागद काय, कोणीही छापतं. या घड्याळापायी मी मरता मरता वाचलोय. ऐका."

आणि रोशेल सांगू लागला.

अशीच बर्फाची दुपार होती. मफ्रत दाताच्या डॉक्टरकडे गेली होती, दुकानात रोशेल एकटा. दार ढकलून एक माणूस आत आला, तो मान वाकवूनच. नाहीतर चौकटीत मावला नसता. दाढी छातीपर्यंत. त्याने आतून कडी घातली, 'उघडं आहे'ची पाटी उलटी फिरवली आणि पिस्तूल काढून काउंटरवर ठेवलं, जेवायला बसताना कोणी चष्मा काढून ठेवावा तसं.

"पाणबुड्याचं घड्याळ. जुनं. काढ."

तिजोरीत तशी दोन होती, घडणीने जुळ्या भावांसारखी. एक अस्सल, म्हाताऱ्या पिंखासोवने विकायला ठेवलेलं. या रस्त्यावर असा माल नुसत्या शब्दावर हातोहात फिरतो, पावती कोणी मागत नाही. पण तो माल एकदा हरवला, की मग त्या माणसाच्या हातात कोणी पितळेची अंगठीसुद्धा ठेवत नाही. दुसरं घड्याळ नकली. एका ठगाने ते रोशेलच्याच गळ्यात मारलं होतं.

"दोन?" माणूस म्हणाला. "खरं कुठलं ते तूच सांग. खोटं दिलंस तर परत येईन. इथे नाही, घरी. रीगो पार्कला."

त्याने गल्लीचं नावही सांगितलं.

रोशेलच्या डोळ्याला लावलेलं भिंग निसटून खाली पडलं. पिंखासोवचं घड्याळ गेलं तर धंद्यातून उठायचं, आणि थाप पकडली गेली तर जगातूनच. तीस वर्षं ज्या गोष्टी पारखल्या, त्या आता तोंडाने उलट्या सांगायच्या होत्या, आणि आवाज हलू द्यायचा नव्हता.

"हे बघा साहेब, याची डायल फिकट पडलीय. ठिपके पिवळट, काटेही तसेच. अंगावर ओरखडे, कोणी पॉलिशचा हातसुद्धा फिरवलेला नाही. टाकाऊ माल. आणि हे बघा! दुधासारखे ठिपके, आरशासारखी चकाकी. याला म्हणतात अस्सल."

या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा यावर हसलं असतं. साठ वर्षांच्या घड्याळाचे ठिपके पांढरे राहतात कुठे? आणि ओरखडे असणं म्हणजे तर घासून घासून कोणी त्याची मूळ धार घालवलेली नाही.

तो माणूस हसला नाही. त्याने दोन्ही घड्याळं कानाला लावली. मग पिस्तुलाची नळी रोशेलच्या कपाळावर टेकवली. ती बर्फाहून गार होती.

"पोरांची शपथ घे."

"घेतली," रोशेल म्हणाला.

"तुम्हाला पोरं कुठे आहेत?" मफ्रत मध्येच ओरडली.

"भाच्यांची घेतली! तुझं मधेच काय?"

"बरं, बरं. मारा गाडी पुढे."

पुढे काय, तो चकचकीत घड्याळ खिशात घालून, दाराला लाथ मारून निघून गेला.

मफ्रतने आता मात्र चहाचा पेला खाली ठेवला. "थट्टा बाजूला, बाई. मी परत आले तेव्हा हे जमिनीवर बसले होते. अंग गार, दातखीळ बसलेली. हाक मारली तर लहान मुलासारखे माझ्या हाताला धरून राहिले. तेवढं मी डोळ्यांनी पाहिलंय."

आठवणीनेसुद्धा रोशेलच्या मानेवर घाम आला होता. तो त्याने रुमालाने टिपला.

"आणि हे तेच फिकट घड्याळ," तो म्हणाला. "पिंखासोव वारला, त्याच्या मुलांकडून मी विकत घेतलं. नातवाला गोष्टीसकट द्या."

मिसेस व्हिटलॉकनी त्याच्याकडून भिंग मागून घेतलं. पिवळट ठिपके बघितले, काटे बघितले. घड्याळ उलटं करून मागचं झाकण अंगठ्याने चाचपलं. बराच वेळ. एवढा वेळ सहसा गिऱ्हाईक लावत नाही.

रोशेलने घाईने हात पुढे केला. या रस्त्यावर हातात हात दिला आणि 'मझल' म्हटलं, की सौदा पक्का. मग देवालाही तो मोडता येत नाही.

"मझल, मॅडम?"

हात हवेतच राहिला. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"खोटं," त्या तशाच मऊ आवाजात म्हणाल्या. "त्या दिवशी तोंडावर मफलर होता, म्हणून तुम्ही ओळखलं नाहीत. मी नेलं ते फिकट होतं, मिस्टर मुल्लोकांदोव, थोरल्या नातवाच्या मनगटावर आहे. आणि पिस्तूल मी पर्समधून बाहेर काढलंच नव्हतं."